गिळलेल्या गोळ्यांची साक्ष

हे वाचणाऱ्याच्या घरात आत्ता कुणी गोधडीखाली कुडकुडत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याजवळ जा. गोळ्या देऊनही ताप फिरून आला असेल, तर त्याच्यावर डाफरू नका. बाकीचं मग वाचा. मी या तापातून उठले म्हणून लिहू शकते. माझी वहिनी उठली नाही.

पत्रकवाली

माझं आणि या राज्याचं वय जवळपास एकच. वडील मलकापूरला एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. मोर्चाची, सभेची, दुष्काळी कामांवरच्या मजुरांची. वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'कमळ' यायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं.

वडील गेल्यावर माय, दादा आणि मी मोताळ्याच्या पलीकडे आमच्या गावी परतलो. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी. मॅट्रिक झाले आणि मी स्वतः पत्रकं लिहू लागले. त्यातलं एक तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याबद्दल होतं. डॉक्टर नसले की आमच्या वस्तीतल्या माणसांनी कुणाच्या दारात मरायचं, असा त्याचा मथळा होता. त्या दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही. पण तिथं मला सगळे 'पत्रकवाली' म्हणून ओळखत होते, आणि ते पुढे महागात पडलं.

गरम गोळी

त्या पावसाळ्यात मी आणि वहिनी पाझर तलावाच्या कामावर जात होतो. वहिनीचं नाव वत्सला. माहेर वडनेर भोलजी. दिवस गेलेले, तरी टोपली उचलायची आणि टोपलीबरोबर कुणाची ना कुणाची टिंगलही. सुरुंग लावायला लांबून, दुसऱ्या मुलखातून मजूर आणले होते. त्यांच्यातला कुणीतरी कायम तापानं पडलेला असे. दगड काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं आणि संध्याकाळी तिथं डासांचा नुसता धूर उठायचा.

मी शाळेत असताना चावडीच्या भिंतीवर 'हिवताप हटला' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. ती अक्षरं अजून पुसट दिसत होती, तेव्हा हिवताप आमच्या घरात आला. आधी मला, मग वहिनीला.

मलेरियावाला आला. त्यानं बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं आणि दोघींना गोळ्या दिल्या. तो अंगणातून बाहेर पडतो न पडतो तोच माय म्हणाली, "वच्छला, तू नको खाऊ बरं ते. लई गरम असते. पोटातलं पाडते. तोंडात धर अन् थुकून दे."

मायचं हे बोलणं अडाणीपणाचं म्हणून सोडून देऊ नका. माझ्या आणि दादाच्या मधलं एक मूल पोटात असतानाच तिनं असंच तापात गमावलं होतं, आणि गोळी घेतली त्याच दिवशी. तिच्यासाठी ती गोळीच होती ते मूल नेणारी.

वहिनी म्हणाली, "हाव, आत्याबाई."

आणि मग आम्ही दोघी घरामागच्या बाभळीखाली बसलो. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. वहिनी म्हणाली, "सुमनबाई, पैज. जिचं तोंड वाकडं होईन तिनं आज भांडे घासाचे." तिनं एकामागून एक गोळ्या गिळल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. माझा चेहरा पाहून मात्र ती इतकी हसली की तिला ठसका लागला. भांडी मीच घासली.

घरातून मायचा आवाज आला, "थुकली का व?"

"हाव आत्याबाई, थुकली!" वहिनी ओरडली आणि माझ्याकडं पाहून डोळा मारला.

मी म्हणाले, "वयनी, खोटं काऊन बोलता? सरळ सांगा ना का मी गिळली म्हनून."

"तुमाले सोपं हाये. तुमी लेक, मी सून." तिनं तोंडावरून पदर फिरवला. "एक 'हाव' म्हनलं का घर थंडं राह्यते. गोळी त पोटात गेलीच ना?"

ताप फिरून आला

ताप उतरला. आम्ही कामावर गेलो. काही आठवड्यांनी परत थंडी भरली.

ही थंडी ज्याला येऊन गेली नाही त्याला सांगता येत नाही. ती बाहेरून येत नाही. हाडाच्या आतून कुणी हलवायला लागतं. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर, त्यावर माय आडवी पडलेली, आणि तरी दात वाजतात. मग ताप चढतो आणि त्याच गोधड्या जाळायला लागतात. मग घाम. घामानंतर असं वाटतं की संपलं. आणि एक दिवस सोडून ती परत दारात उभी.

परत गोळ्या आल्या. परत बाभळीखाली बसलो. या वेळी पैज लागली नाही. वहिनीचे डोळे पिवळट दिसत होते. गोळी गिळून ती खोडाला टेकली, आणि आतून मायनं विचारल्यावर तिनं फक्त "हाव" म्हटलं.

गोळ्या दोघींनी सारख्याच घेतल्या, पण ताप मला हळू धरत होता आणि तिला झपाट्यानं. एका दुपारी ती दादाला मास्तर म्हणू लागली. "मास्तर, मले घरी जाऊ द्या, आई वाट पाहून राह्यली." दादानं तिचे खांदे धरले, हाक मारली. ती त्याच्या आरपार पाहत होती. आम्ही तिला बैलगाडीत घातलं, सडकेवर एसटी थांबवली आणि दवाखान्यात नेलं.

निदानाचा दिवस

डॉक्टर एकच होते. मध्यम वयाचे, डोळे जागरणानं लाल. ओसरीत माणसं जमिनीवर निजली होती आणि ते त्यांना ओलांडत येत होते. काचपट्टी त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"हिवताप. त्यातला वाईट. मेंदूवर चढतोय." ते माझ्याकडं वळले. "हिला गोळ्या दिल्या होत्या?"

"दर वेळी. आम्ही बरोबरच घ्यायचो. माझ्यासमोर गिळल्यात."

"गिळल्या असत्या तर ही अशी आली नसती."

तेव्हा माय पुढं झाली. तिनं डोळे खाली केले नाहीत. "नाई गिळल्या, साहेब. मीच सांगतलं होतं थुक म्हनून. थुकत होती ते. मले सोता सांगे. चूक माही हाये. आता जे द्याचं ते द्या. पोटातल्याचं पाहू नका, पोरीले वाचवा."

आयुष्यात मायनं कुठल्या साहेबासमोर इतकं धीरानं काही कबूल केलं नव्हतं. आणि ते चुकीचं होतं.

मी ओरडले, "माय, ते तुले खोटं सांगे व! तुह्या मनासाठी!"

"मरनाच्या दारात हाये ते," माय म्हणाली, "अन् तू तिले खोटी ठरवतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तूच ना ती पत्रकवाली? गोळ्या थुंकायच्या तुम्ही आणि पत्रक काढायचं आमच्या नावानं."

वहिनीला सुई दिली गेली. औषध तेच, गोळीतलंच. त्यांच्या हिशेबानं तिच्या अंगात ते औषध कधी गेलंच नव्हतं, तेव्हा ते पहिल्यापासून सुरू करणं बरोबरच होतं. दुसरं औषध म्हणजे जुनं क्विनाईन. ते इथं ठेवत नाहीत, बुलढाण्याहून मागवावं लागतं, आणि मागवायला कारण द्यावं लागतं. सासू स्वतः सांगते की सून गोळ्या थुंकायची. मग कारण कुठून आणायचं?

तोंड उघड

सुई देऊनही वहिनी शुद्धीवर येईना. डॉक्टर म्हणाले, हिला आणायला उशीर झाला म्हणून औषध लागू पडत नाही. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"मलाही ताप आहे. माझं रक्त बघा."

त्यांनी पाहिलं. तोच जंतू होता.

"मीही सगळ्या गोळ्या गिळल्यात. तुम्ही म्हणाल मीही थुंकल्या. मग आता मला तुमच्यासमोर खाऊ घाला. पूर्ण. ताप गेला तर मी पत्रक छापून तुमची माफी मागेन. नाही गेला तर क्विनाईन मागवा. दोघींसाठी."

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. पेनाचं टोपण काढून त्यांनी केसपेपर पुढं ओढला. मग म्हणाले, "सिस्टर, हिला खाट द्या. आणि गोळी दिली की तोंड तपासा."

गोळी द्यायची वेळ झाली की सिस्टर यायच्या. "तोंड उघड. जीभ वर. गालात काही?" मग त्यांचं बोट हिरड्यांवरून फिरायचं. मग मला व्हरांड्यातल्या स्टुलावर सगळ्यांसमोर बसवून ठेवायचे, मी ओकू नये म्हणून. चोराची झडती घ्यावी तसं. मी मुठी आवळून बसे. पहिल्या दिवशी ती वेळ संपल्यावर सिस्टरनी पुष्कळ साखर घातलेला काळा चहा आणून दिला. त्या चहाची आठवण अजून जिभेवर आहे. दवाखान्यात दया अशीच येते, बारीक, आणि कपबशीतून.

झाडणारी मावशी माझ्याभोवती झाडू फिरवत म्हणायची, "दुनिया इथं बरी व्हाले येते, अन् हे पोट्टी ताप याव म्हनून देव पाण्यात घालून बसली. उलटीच हाये बापा तू."

खरंच तसं होतं. मी देव मानत नाही, पण मी तापाची वाट पाहत होते. आणि ताप उतरला. कपाळ भिंतीसारखं गार लागलं. इतकी भीती मला आजवर कशाची वाटली नव्हती. मी बरी झाले तर वहिनी गेली.

दादा माझ्या खाटेपाशी आला. वहिनीजवळ बसून बसून त्याचा चेहरा ओळखू येईना. "झालं तुह्यं समाधान? लेकरापायी तिनं सगळ्याइले फसवलं, अन् तू तिच्या बाजूनं खोटं बोलून राह्यली." तो तिची चाकरी करत होता, ओठांना पाणी लावत होता. पण तिच्याशी एक शब्द बोलत नव्हता. बायको मरते आहे आणि तिच्यावर राग आहे, हे माणसाला कसं चिरत जातं ते मी त्याच्यात पाहिलं.

त्याच दिवशी वहिनीला थोडी शुद्ध आली. मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं मला ओळखलं. जीभ जड झाली होती.

"सुमनबाई, आत्याबाईले सांगू नका मी गिळल्या म्हनून. पोटातलं काही झालं त त्याइले वाटन मीच पाडलं."

"सांगितलं वयनी. कोणी मानतच नाही."

"मंग बरं हाये," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. माझ्याशी ती बोलली ते शेवटचं.

थंडी

शेवटची गोळी गिळून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात उन्हात बसले असताना माझ्या पाठीतून ती हलली. मी स्टूल घट्ट धरलं. मग दात वाजायला लागले आणि मी हसत सुटले, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडले, "सिस्टर, आली! थंडी आली!"

मावशीनं झाडू टाकला आणि मला धरलं.

डॉक्टरांनी माझं बोट स्वतः टोचलं. सूक्ष्मदर्शकावर ते इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं त्यांना डुलकी लागली. उठून त्यांनी सिस्टरना विचारलं, "प्रत्येक गोळी गेली? खात्री आहे?"

"माझ्या बोटावर तिचे दात लागलेत, सर," सिस्टर म्हणाल्या.

दवाखान्याची जीप त्याच घटकेला बुलढाण्याकडं निघाली. ती परत यायच्या आधी वहिनी बाळंत झाली. मूल मेलेलं होतं.

क्विनाईन आलं. तिला सलाईनमधून, मला तोंडानं. माझ्या कानांत घंटा सुरू झाल्या. आधी बारीक, मग देवळातल्या सगळ्या एकदम वाजाव्यात तशा. माणसं तोंडं हलवायची आणि मला फक्त घंटा ऐकू यायच्या. ज्यांना हे औषध मिळेल त्यांनी घाबरू नये. औषध थांबलं की घंटाही थांबतात.

दुसऱ्या सकाळी मी डोळे उघडले तर समोरच्या खाटेपाशी माय उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, मान मागं गेलेली, गळ्याच्या शिरा ताठ. आवाज नव्हता. मी खूप वेळ तिच्याकडं पाहत होते. मग दादानं वहिनीच्या तोंडावर पदर ओढला, तेव्हा कळलं की माय रडत होती.

डॉक्टर माझ्या खाटेजवळ आले. माय आणि दादालाही त्यांनी बोलावून घेतलं. मला ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलले, आणि त्यामुळं सगळ्या वॉर्डानं ऐकलं. "तुझी वहिनी गोळ्या गिळत होती. तू खरं सांगत होतीस."

दादा भिंतीला धरून खाली बसला. त्यानं तिच्या खाटेकडं पाहिलं आणि चेहरा गुडघ्यांत घातला.

मायही माझ्या कानाशी वाकली. "मंग मले 'थुकली' काऊन सांगे?"

मी म्हणाले, "तू सासू होतीस माय, म्हनून."

खिळा

खाटेवर पडून मी शत्रू शोधत होते. ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांत शत्रूला नाव असतं. माझी खात्री होती की गोळ्या बनावट आहेत, कुणीतरी खडू भरून विकतो आहे. तसं पत्रक मनात लिहूनही झालं होतं. घंटा थांबल्यावर डॉक्टरांना मी तेच विचारलं.

"गोळ्या खऱ्या आहेत," ते म्हणाले. "जंतू बदललाय." त्यांनी सांगितलं ते मला वडिलांच्या धंद्यामुळं लगेच समजलं. जंतू वाढतो म्हणजे स्वतःच्या प्रती काढतो. प्रत काढताना कधीतरी त्याच्या बीजात चूक होते, जुळवलेल्या मजकुरात एखादा खिळा बदलावा तशी. पुष्कळदा त्या चुकीनं जंतू मरतो. पण एखादी चूक अशी निघते की गोळीला तो दाद देत नाही. मग गोळी बाकीच्यांना मारते, आणि हा एकटा उरतो. पुढं निघेल ती प्रत्येक प्रत त्याचीच. डास ती घरोघर वाटतो. असं कुठंकुठं घडतंय हे त्यांनी वाचलं होतं. "आपल्याकडं येईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

म्हणजे कुणी कट केला नव्हता. त्या बदललेल्या खिळ्याचा मी धिक्कार करू शकत नाही. पण दुसऱ्या एका गोष्टीचा करते, आणि मोठ्यानं करते. औषध हरलं तेव्हा आपण सगळ्यांनी आधी आजारी माणसाला खोटं ठरवलं. आमच्या वस्तीतल्या बाईनं गोळी थुंकली, हे सगळ्यांना किती सहज पटलं! गोळीच चालत नसेल, हे कुणालाही पटेना. एका बाईचा शब्द खरा धरायला दुसऱ्या बाईच्या हिरड्यांवरून बोट फिरवावं लागलं. तोवर जीप निघाली नव्हती.

म्हणून हे लिहिते. गोळ्या पूर्ण गिळा. घरात कुणी नको म्हणालं तर तोंडावर सांगा की गिळणार. भांडण झालं तर होऊ द्या. आणि गिळूनही ताप फिरून आला, तर गप्प पडून राहू नका. परत रक्त तपासायला लावा. डॉक्टर ओरडले तरी दारातून हलू नका.

नाव

मी घरी आले तेव्हा वस्तीत बोलणं पसरलेलं होतं. नळावर, ओट्यावर, विहारापाशी. वच्छलानं गोळ्या थुकल्या म्हणून गेली. लेकरू बी गेलं अन् सोताबी. वडनेरला तिच्या आईपर्यंत हेच पोचलं होतं. ते मायच्याच तोंडून निघालेलं होतं, पहिल्या दिवशी, दवाखान्यातून गावाकडं येणाऱ्या एका शेजारणीपाशी.

माय बाभळीखाली जाऊन बसायची. एकदा तिनं मला विचारलं की आम्ही गोळ्या कशा घ्यायचो. मी सांगितलं, गूळ, तांब्या, पैज, सगळं. "तिचं तोंड वाकडं होये का?" मायनं विचारलं. मी म्हणाले, "नाही माय. एकदाही नाही."

पुढं मी एक पत्रक लिहायला घेतलं. मायला वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवलं: 'आमच्या गावातील एका बाईचा गोळ्या घेऊनही मृत्यू झाला...'

"थांब," माय म्हणाली. "एक बाई कोन व? तिले नाव होतं."

"नाव टाकलं तर लोक तुझ्याबद्दलही बोलतील, माय. तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे. माह्यं बी टाक. सासूनं थुक म्हनलं होतं, हे बी लिही. वडनेरले मी सोता घेऊन जातो तो कागद, तिच्या मायपाशी. तिथं कोनाकडून तरी वाचून घेतो. अन् त्याच्या आधी, सगळ्याइच्या आधी, वर मोठ्या अक्षरात लिही."

मी पेन उचललं. ती सांगत गेली आणि मी लिहिलं:

वत्सलानं गोळ्या गिळल्या होत्या.